द्रेनित्सातले पाच दिवस : आदेम याशारीच्या घराकडे

दिवस पहिला : प्रिश्तिना

श्टुटगार्टहून निघायच्या आदल्या दिवशी माझ्या सहकाऱ्याने मला कँटीनमध्ये गाठलं. तो मूळचा कोसोवोतल्या द्रेनित्सा भागातला. १९९८ च्या मार्च महिन्यात तो तेरा वर्षांचा होता. प्रेकाझ हे गाव त्यांच्या गावापासून एक डोंगर पलीकडे. तीन दिवस त्याने तिकडून येणारे तोफांचे आवाज ऐकले. पुढच्या वर्षी घरच्यांबरोबर जर्मनीत आला, इथेच शिकला, इथेच नोकरीला लागला. दर उन्हाळ्यात गावी जातो, पण तो डोंगर त्याने आजवर ओलांडलेला नाही.

"जातेच आहेस तर मला फोटो पाठवू नकोस," तो म्हणाला. "फोटो सगळीकडे आहेत. तिथे आता कसला आवाज येतो, तेवढं सांग."

सहा वर्षं आम्ही शेजारी-शेजारी बसतो. या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

विमान उतरलं ते 'आदेम याशारी आंतरराष्ट्रीय विमानतळा'वर. रोमन लिपीत जे अक्षर 'ज'साठी वापरतात, त्याचा अल्बेनियन भाषेत उच्चार 'य' होतो, म्हणून याशारी. सर्बियाविरुद्ध बंदूक उचललेला आणि १९९८ मध्ये आपल्या घरातच मारला गेलेला हा बंडखोर. ज्याच्या घराकडे मी निघाले होते, त्याचं नाव इमारतीवर मोठ्या अक्षरांत. २०१० मध्ये हे नाव दिलं गेलं. भारताने कोसोवोला देश म्हणून मान्यता दिलेली नाही, पण माझ्याकडे जर्मनीचा रहिवासी परवाना असल्यामुळे वेगळा व्हिसा लागला नाही. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटसुलट पाहिला, "इंडिया? ननं तेरेझा!" असं म्हणून हसला आणि शिक्का मारला. ननं म्हणजे आई. मदर तेरेसा अल्बेनियन. जन्म स्कोप्येचा, आणि आयुष्य कोलकात्यात. प्रिश्तिनाच्या मुख्य रस्त्यालाही त्यांचंच नाव आहे.

संध्याकाळी त्या रस्त्यावर चक्कर मारली. गाड्यांना बंदी, दोन्ही बाजूंना कॉफीची दुकानं, आणि बसलेली माणसं बहुतेक तिशीच्या आतली. पुढे युवा आणि क्रीडा भवनाची अवाढव्य इमारत लागते. १७ फेब्रुवारी २००८ ला, सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर झालं त्या दिवशी, उभारलेली 'न्यूबॉर्न'ची अक्षरं तिच्या समोरच आहेत. आणि इमारतीवर आदेम याशारीचं प्रचंड चित्र: छातीवर उतरलेली दाढी, अंगात लष्करी कपडे. खाली तीन शब्द: 'बाच, उ क्र्यु!'

यातला 'बाच' मराठी माणसाला बरोबर उच्चारता येतो, कारण तो आपल्या 'चमचा'तला दंत्य 'च' आहे. घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाला, काकाला किंवा थोरल्या भावाला प्रेमाने 'बाच' किंवा 'बाचा' म्हणतात. वाक्याचा अर्थ, 'काका, झालं!' तुम्ही सुरू केलेलं काम पुरं झालं, ही बातमी मेलेल्या माणसाला कळवायची आहे. सेनापती नाही, हुतात्मा नाही, काका. एका अख्ख्या देशाने एका माणसाला काका करून टाकलं आहे.

जवळच एक लहानसं घर जपून ठेवलेलं आहे. नव्वदच्या दशकात लेखक संघाची ही जागा. इब्राहिम रुगोवा इथूनच काम करायचे. साहित्याचे समीक्षक, पॅरिसमध्ये काही काळ शिकलेले, गळ्यात कायम स्कार्फ. कोसोवो तेव्हा सर्बियाचा एक प्रांत. १९८९ मध्ये सर्बियाचा नेता मिलोशेविच याने त्याची स्वायत्तता काढून घेतली. हजारो अल्बेनियन लोकांच्या नोकऱ्या गेल्या, अल्बेनियन शाळा-महाविद्यालयांना कुलपं लागली. तेव्हा रुगोवांनी सांगितलं, हात उगारायचा नाही. लोकांनी आपापल्या घरांत शाळा भरवल्या. परदेशात राबणाऱ्या भावंडांनी पगारातले तीन टक्के पाठवले, त्यावर मास्तरांचा घरखर्च चालला. रुगोवांना 'बाल्कनचा गांधी' म्हणत. त्या साध्या खोल्यांमधून फिरताना मला फार आपलेपणा वाटला आणि फार वाईटही वाटलं. सहा-सात वर्षं एका समाजाने दगडही न उचलता सोसलं, आणि १९९५ मध्ये डेटनला बाल्कनच्या शांततेचा करार झाला तेव्हा कोसोवोचा प्रश्न बाजूलाच राहिला. बोस्नियात बंदुका होत्या, म्हणून बोस्नियासाठी टेबल मांडलं गेलं. यातून द्रेनित्सातल्या तरुणांनी जो अर्थ काढला, तो काढू नका असं त्यांना सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

दिवस दुसरा : प्रेकाझ

सकाळी स्कंदेरायची बस धरली. सर्बियन नाव स्रबित्सा, अल्बेनियन नाव स्कंदेराय. इथे प्रत्येक गावाला दोन नावं आहेत आणि तुम्ही कोणतं उच्चारता त्यावरून तुम्ही कोण ते ठरतं. ग्लोगोवात्सपाशी निकेल वितळवणाऱ्या कारखान्याची धुराडी दिसतात, मग रस्ता टेकड्यांमध्ये शिरतो. उंच डोंगर नाहीत. ओकची खुरटी जंगलं, मक्याची कापलेली शेतं, विटांची नवी घरं. त्यातली कितीतरी घरं बंद होती. मालक झुरिकला किंवा म्युनिकला. ऑगस्टमध्ये महिनाभर उघडतात आणि पुन्हा कुलूप.

द्रेनित्साचा लौकिकच बंडखोरीचा. ओटोमन गेले, १९१२ नंतर सर्बियाचं राज्य आलं, तेव्हा इथल्या 'काचाक' टोळ्या जंगलात उतरल्या. आझेम बेय्ता ऊर्फ आझेम गालित्सा त्यांचा म्होरक्या. तो १९२४ मध्ये लढाईत मारला गेला. पुढे त्याच्या बायकोने, शोतं गालित्साने, बंदूक खाली ठेवली नाही. १९४५ मध्ये शाबान पोलुझाने आपली माणसं घेऊन टिटोच्या कम्युनिस्ट युगोस्लाव पार्टिझनांच्या फौजेविरुद्ध उठाव केला, तोही इथेच. हे सगळं इथे गाण्यातून सांगतात. दोन तारांची चिफ्तेली मांडीवर घेऊन गायक बसतो आणि वीराचा जन्म, घराणं, शेवटची लढाई असं ओळीने गात जातो. आपल्या पोवाड्याची सवय असलेल्या कानाला भाषा कळली नाही तरी कडवं कुठे चढतं ते कळतं. बसच्या ड्रायव्हरने असंच एक गाणं लावलं होतं.

आदेम या गाण्यांवर वाढला. जन्म २८ नोव्हेंबर १९५५. अल्बेनियाने १९१२ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं ती तारीखही २८ नोव्हेंबर. गावात हा योगायोग आहे असं मानणारा मला कोणी भेटला नाही. १९९१ मध्ये तो काही साथीदारांना घेऊन अल्बेनियात शस्त्रांचं शिक्षण घेऊन आला. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला पोलिसांनी त्याच्या घराला पहिला वेढा घातला, आणि घरच्यांनी गोळीबार करून तो परतवला. यानंतर तो जवळजवळ आपल्याच वाड्यात तळ ठोकून राहिला. बाप शाबान, थोरला भाऊ हमेझ, बायका, मुलं, पुतणे असं मोठं एकत्र कुटुंब. कोसोवो मुक्ती सेना, म्हणजे इथल्या लोकांची 'उचेका', आकाराला येत होती ती अशा घरांमधून. पोलिसांच्या गाड्यांवर आणि चौक्यांवर हल्ले होत होते, त्यात पोलीस मरत होते. सर्बियन सरकारच्या लेखी तो दहशतवादी होता. ११ जुलै १९९७ ला प्रिश्तिनाच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीतच त्याला वीस वर्षांची शिक्षा ठोठावली.

स्कंदेरायच्या चौकात उतरून मी चालत निघाले. प्रेकाझ दोन-तीन किलोमीटरवर. वाटेत दारूगोळ्याचा जुना कारखाना लागतो. १९९८ मध्ये त्यात पोलिसांचा तळ होता. तिथे उभं राहून मी पुढे पाहिलं आणि गाव इतकं जवळ दिसलं की घशाला कोरड पडली. ही युद्धभूमी नाही. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात हाक जावी एवढंच हे अंतर आहे.

घर जसं पडलं तसंच ठेवलं आहे. लाल विटांच्या भिंती, छप्पर नाही, खिडक्यांच्या जागी नुसत्या चौकटी, आणि भिंतींना पडलेली भोकं. बंदुकीच्या गोळीचं भोक बोटाएवढं, कडेला विटेचा चुरा. तोफगोळ्याच्या भोकातून माणूस आरपार जाईल. सभोवती लोखंडी सांगाडा उभारून त्यावर जिने केले आहेत, म्हणजे भिंतींना हात न लावता वरच्या मजल्यापर्यंत जाता येतं. वर गेले. एका खोलीच्या भिंतीवर फिकट निळा रंग अजून आहे, काजळी जिथे पोचली नाही तेवढ्या भागात. कुणीतरी तो रंग निवडला असेल, दुकानात जाऊन डबा आणला असेल. तोफांनी फोडलेलं घर मी आधी चित्रांत खूप पाहिलं होतं. फोडलेल्या घरात कुणाच्या आवडीचा रंग असतो, हे मनात आलं नव्हतं.

२२ जानेवारी १९९८ ला पहाटे पोलिसांनी इथे हल्ला केला, पण तो फसला. २८ फेब्रुवारीला लिकोशनजवळच्या चकमकीत चार पोलीस मारले गेले. मग तिथे आणि शेजारच्या चिरेझमध्ये पोलिसांनी वीसहून जास्त अल्बेनियन गावकरी मारले. त्यानंतर ५ मार्चच्या पहाटे प्रेकाझला वेढा पडला. चिलखती गाड्या आणि तोफा आल्या. शरण या, असं सांगण्यात आलं. आदेम बाहेर आला नाही, आणि त्याचे आईबाप, भाऊ, बायको यांच्यापैकीही कुणी घर सोडून गेलं नाही. ७ मार्चपर्यंत हे चाललं. पन्नासहून जास्त माणसं मारली गेली, बहुतेक याच कुटुंबातली. त्यांत आदेमची बायको आदिले होती, तेरा वर्षांचा मुलगा कुश्त्रिम होता, हमेझ होता, म्हातारे शाबान होते. कितीतरी बायका होत्या आणि सोळा वर्षांच्या आतली मुलं होती. आदेम बेचाळीस वर्षांचा होता.

त्याच्या घरातून हमेझची अकरा वर्षांची मुलगी एकटी जिवंत राहिली. पोलिसांनी सुरा दाखवून तिला सांगितलं की, शरण येऊ पाहणाऱ्यांना काकानेच मारलं असं म्हण. हे तिने पुढे जगाला सांगितलं. बाच, म्हणजे काका. प्रिश्तिनाच्या इमारतीवरचा तो शब्द मला इथे, या जिन्यावर, पुन्हा आठवला. त्या मुलीचा तो खरोखरीचा काका होता.

१० मार्चला पोलिसांनी बुलडोझर आणून प्रेतं घाईने पुरली. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी ती उकरून काढली आणि आपल्या धर्माच्या रीतीने, मक्केकडे तोंड करून, पुन्हा पुरली. आज समोरच्या माळावर त्याच कबरी पांढऱ्या दगडात बांधल्या आहेत. गवत कापलेलं, लाल झेंडे, आणि दोन तरुण सैनिक मान न हलवता पहारा देत असतात. मी ओळीने चालत प्रत्येक दगडावरची जन्मसाल आणि मृत्यूसाल पाहत गेले. मृत्यूसाल सगळीकडे १९९८. जन्मसाल मात्र बदलत जातं, आणि काही दगडांवर ते इतकं अलीकडचं आहे की वजाबाकी करायला थांबावं लागत नाही.

त्याने मुलांना बाहेर पाठवायला हवं होतं का? हा प्रश्न मी टाळणार नाही. तो माझ्या मनात तिथे आला आणि अजून आहे. लिकोशन आणि चिरेझमध्ये निःशस्त्र गावकऱ्यांना आठवड्याभरापूर्वीच मारलं होतं. बाहेर गेल्यावर मुलं वाचली असती याची खात्री त्या घरातल्या कुणाला असणं शक्य नव्हतं. पण कुश्त्रिमच्या दगडासमोर उभं राहून 'बरोबर केलं' असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. ज्यांनी घरावर तोफा लावल्या त्यांचा गुन्हा याने तसूभरही कमी होत नाही. आत मुलं आहेत हे त्यांनाही ठाऊक होतं.

'कुश्त्रिम' या शब्दाचा अर्थ मी तिथेच एका शिक्षिकेला विचारला. ती शाळेची सहल घेऊन आली होती आणि चांगलं जर्मन बोलत होती. म्हणाली, "डोंगरावरून गावाला हत्यार घेऊन बोलावतात ना, ती हाक." बापाने मुलाचं नाव रणहाक ठेवलं होतं.

मग मला सहकाऱ्याचं मागणं आठवलं. मी कबरींच्या कडेला कठड्यावर बसले आणि डोळे मिटले. पंधरा मिनिटं तरी बसले असेन. मोबाइलवर रेकॉर्डिंगही केलं.

दिवस तिसरा : अंगण आणि देविच

रात्री मुक्काम सहकाऱ्याच्या मावशीकडे होता, स्कंदेरायजवळच्या त्यांच्या गावात. ती सत्तरीची आहे आणि तिला जर्मन येत नाही. तिची सून दुभाषी. सकाळी उठले तर अंगणात तांबड्या मिरच्यांची पोती ओतलेली होती. या दिवसांत इथे घरोघरी आयवार करतात. लोखंडी शेगडीवर मोठाल्या गोड मिरच्या साल काळी होईपर्यंत भाजायच्या, झाकून वाफवायच्या, सोलायच्या आणि मग तेलात तासन् तास आटवायच्या. वास अगदी वांगं भाजल्याचा, भरिताचा. मी बाह्या सरसावून सोलायला बसले. मावशीने माझा हात धरून दाखवलं की देठाकडून नाही, टोकाकडून सोलायचं.

दुपारी माझ्यासाठी फ्ली केली. पातळ पिठाचे पट्टे तव्यावर चक्राच्या आऱ्यांसारखे ओतायचे, वरून निखाऱ्यात तापवलेलं घुमटासारखं जड झाकण ठेवायचं, भाजलं की सायीचा हात फिरवायचा आणि मधल्या रिकाम्या जागी पुढचे पट्टे. असे वीस-पंचवीस थर होतात. आपल्या घावनाला इतका धीर लागत नाही. झाकण आकड्याने उचलताना मावशी मध्येच थांबली आणि सुनेला काहीतरी म्हणाली. सून म्हणाली, "त्या तीन दिवसांत इथे चूल पेटवली नव्हती. धूर दिसू नये म्हणून." एवढंच सांगून दोघी परत थर लावायला लागल्या.

तिच्या या घरातही नव्वदच्या दशकात शाळा भरायची. सतरंजीवर तीस मुलं, फळा म्हणून कपाटाचं दार. मावशी सगळ्यांना चहा करून द्यायची. शोतं गालित्साच्या नावावर एक वाक्य सांगतात, 'ज्ञानाविना जगणं म्हणजे शस्त्राविना लढाई', ते त्या दारावर खडूने लिहिलेलं असायचं. रुगोवांची शाळा आणि याशारींची बंदूक या दोन वेगळ्या वाटा, असं मी आदल्या दिवसापर्यंत समजत होते. मावशीच्या घरात त्या एकाच दारातून आत-बाहेर करत होत्या. सकाळी मुलं शिकायची, आणि रात्री डोंगरातून आलेल्या पोरांना ती त्याच चुलीवरची भाकरी बांधून द्यायची. तिला यात काही विसंगती वाटत नाही. "मुलं ती मुलंच," म्हणाली.

तिने मला विचारलं, तुमच्या देशाने आम्हाला मान्यता का दिली नाही? शंभरेक देशांनी दिली, ननं तेरेझाच्या देशाने का नाही? सरकारांची आपली गणितं असतात, असं काहीतरी मी म्हणाले. सुनेने त्याचं भाषांतर केलं की नाही कोण जाणे. मावशीने माझ्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला.

संध्याकाळी मी देविचला गेले. पंधराव्या शतकातला सर्बियन ऑर्थोडॉक्स मठ, जंगलात, स्कंदेरायपासून जवळच. टॅक्सीवाल्याने मला फाटकाशी सोडलं आणि तो गाडीतच बसून राहिला. आत मोजक्या जोगिणी राहतात. एका वयस्कर जोगिणीने मला चॅपल दाखवलं. भिंतींवर जुनी चित्रं नाहीत. हा मठ १९४१ मध्ये जाळला गेला आणि २००४ च्या मार्चमध्ये, दंगलीत, पुन्हा जाळला गेला. त्या वेळी सर्बियन फौज कधीच निघून गेली होती. जाळणारे अल्बेनियन जमावातले होते. जोगिणीने मला मध घातलेला चहा दिला. प्रेकाझला जाऊन आले, असं मी तिला सांगितलं. तिने क्रूसाची खूण केली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

याशारींच्या घरासाठी ज्याचं काळीज तुटतं, त्याने देविचच्या पांढऱ्या भिंतींसमोरही उभं राहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. टॅक्सीवाल्याला हे पटलं नसतं. परतताना त्याने एकच विचारलं, "आत अजून माणसं आहेत?" मी हो म्हटल्यावर मान हलवली.

दिवस चौथा : मित्रोवित्सा

इथला मुक्काम अर्ध्या दिवसाचाच. इबार नदी शहराचे दोन भाग करते, दक्षिणेला अल्बेनियन, उत्तरेला सर्ब. पुलावर गाड्या नाहीत, नाटोच्या शांतिसेनेचे इटालियन सैनिक उभे असतात. मी चालत पलीकडे गेले. शंभर पावलांत झेंडे बदलले आणि भाषाही बदलली. २००३ च्या ऑगस्टमध्ये याच उत्तरेच्या रस्त्यावर युनोच्या एका पोलीस अधिकाऱ्याला गोळ्या घालून मारलं. कोसोवोत असा मारला गेलेला युनोचा तो पहिला पोलीस अधिकारी, आणि तो भारतीय होता. कुठे त्याचं घर आणि कुठे हा रस्ता. पुलावरून परतताना मी त्याच्यासाठी क्षणभर थांबले.

दक्षिणेला ईसा बोलेतिनीचा पुतळा आहे. ओटोमन फौजांशी लढलेला, १९१३ मध्ये अल्बेनियाचं स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्या इस्माइल केमालींबरोबर देशाची बाजू मांडायला लंडनला गेलेला आणि १९१६ मध्ये पोद्गोरित्सात मारला गेलेला हा म्होरक्या. याशारींच्या पिढीने ज्यांची गाणी ऐकली त्यांतला एक. फुटबॉलच्या स्टेडियमला मात्र आदेमचंच नाव आहे.

पुतळ्याजवळच्या दुकानात काचेच्या पेल्यातून काळा चहा घेतला. शेजारच्या बाकावर दोन माजी सैनिक होते, एकाचा डावा पाय लाकडी. प्रेकाझनंतर लगेच उचेकात भरती झालेले. "त्याआधी आम्ही काही शे होतो," लाकडी पायवाला म्हणाला, "त्यानंतर हजारो झालो. गावंच्या गावं आली." माझ्या मते आदेमच्या आयुष्यातली सर्वांत मोठी लष्करी घटना हीच, आणि ती त्याच्या मरणानंतरची आहे. वर्षभरात युद्ध सगळीकडे पसरलं. २४ मार्च १९९९ पासून नाटोने ७८ दिवस बाँबफेक केली, सर्बियन सैन्य माघारी गेलं. पण त्या काळात आठ लाखांहून जास्त अल्बेनियन हाकलले गेले होते. एकूण मेले ते तेरा हजारांवर. सोळाशेच्या आसपास माणसांचा अजून पत्ता नाही, त्यांत सर्ब आणि रोमाही आहेत.

मी हेग इथल्या खटल्याचा विषय काढला. द्रेनित्साचाच हाशिम थाची, उचेकाचा राजकीय चेहरा आणि पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष, युद्धगुन्ह्यांच्या आरोपाखाली तिथे उभा राहिला. खटला २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. दोघेही गप्प झाले. मग दुसरा, आतापर्यंत न बोललेला, म्हणाला, "बाचावर कोणी खटला भरू शकत नाही." अभिमानाने म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर थकवाही होता. जो राहतो त्याला सत्ता मिळते, मग पैसा, मग फाइल उघडते. जो घरातच मेला तो बेचाळीस वर्षांचाच राहतो. उचेकाच्या नावावर जे वाईट घडलं, त्याचा हिशोब व्हायलाच हवा आणि तो जिवंत माणसांकडूनच घ्यावा लागेल. मी हे त्यांना बोलून दाखवलं. लाकडी पायवाल्याने वाद घातला नाही. चहाचे पैसे मात्र त्याने मला देऊ दिले नाहीत.

दिवस पाचवा : परत

विमान दुपारचं. सकाळी प्रिश्तिनात 'हेरोइनात' हे स्मारक पाहिलं. एका स्त्रीचा चेहरा, वीस हजार पदकं टाचणीसारखी वेगवेगळ्या उंचीवर बसवून घडवलेला. युद्धात बलात्कार सोसलेल्या बायकांसाठी आहे. जवळून पाहिलं की चेहरा दिसत नाही, नुसती पदकं दिसतात. मागे सरकत सरकत रस्त्याच्या कडेपर्यंत गेले तेव्हा तो उमटला. आदेमचं चित्र शहराच्या कुठूनही दिसतं. या बाईसाठी योग्य अंतर शोधावं लागतं. आदिलेचा चेहरा मला कुठेच दिसला नव्हता. प्रेकाझच्या दगडावर तिचं नाव होतं, तेवढंच.

मावशीने दिलेली आयवारची बरणी दोन टॉवेलांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवली होती. ती न फुटता पोचली.

सोमवारी कँटीनमध्ये बरणी सहकाऱ्यासमोर ठेवली. त्याने झाकण उघडून वास घेतला, पण खाल्लं नाही. "सांग," म्हणाला.

मी म्हटलं, वारा आहे. झेंड्याची दोरी खांबावर आपटते, टक् टक्, थांबून थांबून. पहारेकरी बदलतात तेव्हा बुटांचा आवाज येतो. खालच्या रस्त्याने ट्रॅक्टर जातो. कुठेतरी आयवारसाठी लाकडं फोडत होते. आणि शाळेची सहल आली होती. बाईंनी तोंडावर बोट ठेवलं होतं, तरी मागच्या रांगेतली दोन मुलं एकमेकांना ढकलून हसत होती.

"किती वर्षांची?"

"बारा-तेरा."

त्याने हात पुढे केला. मी मोबाइल त्याच्या हातात दिला आणि त्याने तो कानाला लावला. कँटीनमध्ये खूप गलका होता, म्हणून दुसरा कान त्याने तळहाताने झाकला. रेकॉर्डिंग चौदा मिनिटांचं होतं. मी कॉफी आणायला उठले, परत आले, तरी तो तसाच ऐकत बसला होता.